डाव तोच, मंडळी तीच

नागपुराहून वर्ध्याकडे सायंकाळी निघणाऱ्या गाडीत पत्त्यांचा डाव दोन प्रकारे चाललेला दिसतो. एका बाकावर चार अनोळखी उतारू बसलेले असतात. त्यांतील एकाच्या पिशवीतून पत्त्यांचा कॅट निघतो, अजनी मागे पडता पडता ओळख होते, बुटीबोरीपर्यंत दोन-तीन डाव होतात, आणि ज्याचे स्टेशन आले तो हातातील पत्ते खाली ठेवून उतरून जातो. कोण जिंकले, कोण हरले, याची आठवण फलाटाबाहेर कोणी नेत नाही. पलीकडच्या बाकावर मात्र निराळाच प्रकार असतो. तेथील चौघे रोज अप-डाऊन करणारे. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी पेढीवरचा हिशेबनीस. गुडघ्यांवर रोजचाच टॉवेल पसरलेला, आणि त्यावर मेंढीकोट चाललेला. जागा ठरलेल्या, भिडू ठरलेले. काल कोट कोणावर लागला हे आज डब्यात पाय ठेवताच ऐकविले जाते. आणि एखाद्या दिवशी चौथा माणूस आला नाही, तर सिंदी येईपर्यंत तिघांच्या तोंडी त्याच्याच प्रकृतीचा विषय असतो.

पत्ते दोन्ही बाकांवर बावन्नच. हुकूम, उतारी, दश्शा हे सारे तेच. तरीही पहिल्या बाकावर झाला तो घटकाभर विरंगुळा, हे कोणीही सांगेल. दुसऱ्या बाकावर वर्षानुवर्षे जे चालते त्याला काय म्हणावयाचे, हे सांगणे तितके सोपे नाही. हल्ली घरोघरी तरुण मंडळी ज्या खेळांत गुंतलेली दिसतात त्यांतही असेच दोन बाक आहेत. वडीलधाऱ्यांच्या नजरेस ते दोन्ही एकच भासतात, आणि पुष्कळ घरांतील कटकटीचे मूळ येथेच आहे.

पहिल्या बाकाचे खेळ सर्वांच्या परिचयाचे आहेत. मोबाईलच्या पडद्यावर रंगीत गोळ्यांच्या ओळी जुळवावयाच्या, असा कँडी क्रश नावाचा खेळ २०१२ साली निघाला. नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली काढलेला लुडो किंग तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हाती गेला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोन घटका खेळावे आणि सोडून द्यावे. शिकावयास श्रम नाहीत, सोडावयास दुःख नाही. असे खेळ ढिगांनी निघाले, फुकट मिळू लागले. तेव्हा पुष्कळांनी असा तर्क केला की, जे जुने, अवजड, शिकावयास महिनोन्महिने लागणारे खेळ आहेत त्यांचे दिवस आता भरले.

तसे घडले नाही. अल्टिमा ऑनलाइन हा खेळ १९९७ सालचा, एव्हरक्वेस्ट १९९९ चा, रूनस्केप २००१ चा, ईव्ह ऑनलाइन २००३ चा आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ चा. हे पाचही आज चालू आहेत. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, यांत डाव मांडणे आणि डाव मोडणे असा प्रकारच नसतो. दूरच्या मोठ्या संगणकांत एक काल्पनिक देश सतत जागा असतो. त्यात डोंगर आहेत, बाजार आहेत, टोळ्या आहेत, वैरे आहेत. खेळणारा आपल्या घरून त्यात एक नाव धारण करून शिरतो, हजारो इतरांना भेटतो, आणि तो झोपी गेला तरी तेथील व्यवहार थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तो परत येतो तेव्हा त्याचे घोडे, त्याची ढाल, त्याचे देणेघेणे आणि त्याची अब्रू तेथे त्याची वाट पाहात असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे वर्गणीदार २०१० च्या ऑक्टोबरात एक कोटी वीस लाखांवर गेले होते. पुढे ती भरती ओसरली हे खरे. परंतु ओसरल्यावर जे मागे राहिले ते का राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, ज्याने दहा वर्षे घालवून धन साठविले त्याला ते सोडवत नाही. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. वॉरक्राफ्टमध्येच पाहा. साधारणतः दर दोन वर्षांनी त्यात नवे प्रकरण जोडले जाते, आणि त्याबरोबर आदल्या प्रकरणात रात्री जागवून मिळविलेली शस्त्रे कवडीमोल होतात. धनच जर माणसांना बांधून ठेवीत असते, तर त्या दिवशी तो देश ओस पडावयास हवा होता. प्रत्यक्षात सोडून गेलेले लोक नेमके त्याच सुमारास परत येतात. दुसरे उत्तर सवयीचे. पण सवय ही तर गोळ्यांच्या ओळी जुळविणाऱ्यालाही लागते. आणि तो एक खेळ सोडून दुसरा धरताना मागे वळूनही पाहात नाही.

या बाबतीत अधिक खोल पाहणारा माणूस म्हणजे रिचर्ड बार्टल. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली अशा खेळांतील आद्य खेळ तयार करावयास घेतला आणि बार्टलने तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती. सारा देश शब्दांनी वर्णिलेला होता, आणि ‘उत्तरेस जा’ असे टंकलिहिले की पुढच्या खोलीचे वर्णन उमटे. पुढे १९९६ साली बार्टलने एक निबंध लिहिला व त्यात खेळणाऱ्यांच्या चार जाती पाडल्या. गंमत अशी की, त्या जातींना त्याने पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. चौकट म्हणजे धन व पदव्या मिळविणारे. इस्पिक म्हणजे कोनाकोपरा धुंडाळणारे, कारण त्या पत्त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ कुदळ असा होतो. बदाम म्हणजे माणसांत रमणारे. आणि किलवर म्हणजे दुसऱ्यास आडवे करण्यात आनंद मानणारे. या चार रंगांचे प्रमाण बिघडले की खेळ मरतो, असे त्याचे म्हणणे. किलवर फार झाले की बदाम पळतात, बदामच उरले की तो देश नुसता गप्पांचा कट्टा होतो. हे वाचताना मेंढीकोटाच्या बाकाची आठवण झाल्यावाचून राहात नाही. तेथेही एक हिशेब ठेवणारा असतो, एक नव्या युक्त्या काढणारा असतो, एक चहावाल्यास हाक मारून सर्वांचे पैसे देणारा असतो, आणि एक आपल्याच भिडूस घालून पाडून बोलणारा असतोच असतो. चौथ्याची सर्वजण तक्रार करतात. पण तो रजेवर गेला की डाव अळणी होतो.

तथापि बार्टलची वाटणी माणूस का येतो हे सांगते. का राहतो याचे उत्तर तिच्यात पुरतेपणी सापडत नाही. त्यासाठी आइसलँडमधील एका कंपनीने चालविलेल्या ईव्ह ऑनलाइनकडे वळावे. हा अंतराळातील जहाजांचा खेळ. त्यात प्रवेश करणारे सर्व खेळाडू बव्हंशी एकाच विश्वात वावरतात, आणि तेथील संघ हजारो सभासदांचे असतात. या संघांचा कारभार पाहिला म्हणजे आपल्याकडील एखाद्या जुन्या सहकारी सोसायटीचे दप्तर उघडल्यासारखे वाटते. खजिनदार आहे, भांडार आहे, सभासदांना कर्जाऊ जहाजे आहेत, नव्या माणसांना शिकविणारे आहेत, आणि खजिना घेऊन पळालेले विश्वासघातकीही आहेत. जानेवारी २०१४ मध्ये एका बलाढ्य संघाकडून आपल्या ताब्यातील एका सूर्यमालेच्या करापोटी करावयाचा नेमलेला भरणा चुकला. मालकी उघड्यावर पडताच शत्रू चालून आले, आणि सुमारे २१ तास युद्ध झाले. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात गुंतले, आणि बुडालेल्या जहाजांची किंमत खऱ्या चलनात तीन लाख डॉलरच्या घरात सांगितली गेली. एका चुकलेल्या हप्त्यापायी हा सारा अनर्थ! परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही की, मध्यरात्री गजर लावून उठलेली ती माणसे बक्षिसासाठी उठली नव्हती. बहुतेकांना तोटाच व्हावयाचा होता. कोणीतरी त्यांना निरोप धाडला होता, आणि आपण गेलो नाही तर आपली जागा रिकामी दिसेल, हे त्यांना ठाऊक होते.

येथे मर्म सापडते. गोळ्यांच्या खेळात आपण चार महिने गेलो नाही तरी कोणाचे काही अडत नाही; तो खेळ आपली अनुपस्थिती जाणू शकत नाही. दीर्घकाळ टिकलेल्या खेळात मात्र माणूस मोजला जातो. त्याचे कसब किती, शब्दाला तो किती पक्का, मागच्या वर्षी कोणाच्या मदतीस धावला, हे दहा-वीस जणांच्या स्मरणात असते. हे स्मरण विकत मिळत नाही, दुसऱ्या खेळात नेता येत नाही, आणि नव्या खेळाच्या चित्रांचा भपका कितीही असला तरी त्यात ते आयते येत नाही.

खेळ काढणाऱ्या कंपन्यांनाही हे कळावयास वेळ लागला. रूनस्केप हा केंब्रिजच्या बाजूस जन्मलेला खेळ. मालकांनी त्यात सुधारणांवर सुधारणा केल्या. २०१२ च्या अखेरीस तर लढण्याची सारी पद्धतच पालटली. जुने खेळाडू बिथरले. शेवटी फेब्रुवारी २०१३ मध्ये मालकांनी मते मागविली. ऑगस्ट २००७ मधील खेळाची एक प्रत त्यांच्या दप्तरी शिल्लक होती, ती पुन्हा उघडावी काय, असा प्रश्न होता. चार लाखांहून अधिक मते पडली आणि ती जुनी प्रत उघडण्यात आली. त्या जुन्या खेळात पुढे कोणतीही भर घालावयाची तर आधी खेळाडूंचे मत घ्यावयाचे, शेकडा ७५ अनुकूल असतील तरच ती करावयाची, असा दंडक पडला; अलीकडे ते प्रमाण ७० वर आले आहे. ग्रामसभेत एवढी हजेरी असती तर किती गावांचे कल्याण झाले असते, असा विचार मनात आल्यास तो क्षम्य मानावा.

आता आपल्या जिल्ह्याकडे यावे. मार्च २०२० मध्ये उतारूंच्या गाड्या देशभर थांबल्या आणि मासिक पास बराच काळ निरुपयोगी झाले. त्यासरशी डब्यातील मेंढीकोटही मोडला. त्या दिवसांत लुडो किंगचा प्रसार झपाट्याने झाला. वर्ध्यातील माणूस घरी बसून मुंबईच्या भावाबरोबर फासे टाकू लागला. आरंभीचे काही आठवडे मोठ्या हौसेचे गेले. गाड्या सुरू झाल्या, दुकाने उघडली, आणि पुष्कळ घरांतून तो लुडो जसा आला तसा निघून गेला. पण याच घरांतील मुले दुसऱ्या बाकावर बसली होती. पब्जी या नावाने ओळखला जाणारा जो लढाईचा खेळ, त्यात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि चार-चारांच्या तुकड्या करून लढतात. चार हा आकडा मेंढीकोटाचाच! हिंगणघाटचा एक, आर्वीचा एक, पुलगावचे दोन. शाळेत एका बाकावर बसलेले, पुढे कोणी पुण्यास, कोणी बंगळुरास गेलेले. रात्री साडेनऊ वाजता चौघे कानांस यंत्रे लावून एकत्र येत. लढाई पंचवीस-तीस मिनिटांची. बोलणे मात्र तास दीड तास चाले, आणि त्यात शत्रूचा उल्लेख कमी, पऱ्हाटीच्या भावाचा, कोणाच्या बहिणीच्या सोयरिकीचा आणि सुटलेल्या नोकरीचाच अधिक.

सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ ॲपांबरोबर या खेळावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो खास भारतासाठी निराळ्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून टाकण्यात आला, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. विरंगुळ्याचा खेळ एवढ्या हेलकाव्यांत वाचता ना. मधल्या काळात त्याच जातीचे दुसरे खेळ फुकट मिळत होते. तुकड्यांच्या तुकड्या तिकडे गेल्या आणि बंदी उठताच परत आल्या. तुकडी मोडली नव्हती, म्हणून खेळ टिकला. उलट क्रम लावणे चुकीचे होईल.

एवढे ऐकून एखादा पालक म्हणेल, हे सारे ठीक. पण आमचा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागतो, त्याचे काय? त्याची काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. आणि साधारणतः वर्षभर ती टिकली तर तो विकार समजावा असे तेथे म्हटले आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी तर कित्येक घरे पोळली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा पैशाच्या खेळांस मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली, हे योग्यच झाले. डब्यातील मेंढीकोटाची मंडळीही पैसा लावू पाहणाऱ्याला लवकरच दुसऱ्या डब्याचा रस्ता दाखवितात.

शिवाय मोठ्या खेळांच्या अंगी एक लबाडी आली आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. आज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल, सलग सात दिवस आलात तर अमुक मिळेल, अशी आमिषे त्यांत पेरलेली असतात. ही हजेरी यंत्र घेते, आणि ती घेण्यामागे दुकानदारी असते. चौथा भिडू आला नाही म्हणून तिघांनी केलेली चौकशी आणि ही हजेरी यांत अंतर आहे. मुलाच्या बाबतीत यांपैकी कोणती ओढ आहे हे दारातून ओरडून कळत नाही. ‘किती वेळ खेळतोस?’ हा प्रश्न सर्वच घरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वच घरांत खोटे मिळते. ‘कोणाबरोबर खेळतोस?’ हा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्याचे उत्तर देताना मुलगा चार नावे घेऊ शकला, त्यांतील एकाची आई आजारी आहे हे त्याला माहीत असले, तर घड्याळाची भाषा बोलण्यापूर्वी थोडे थांबावे. एकही नाव त्याला सांगता आले नाही, तर मात्र काळजी दुप्पट करावी.

हा प्रश्न न विचारल्याची खंत नॉर्वेतील एका कुटुंबाच्या वाट्यास आली. माट्स स्टेन हा मुलगा १९८९ साली जन्मला. ड्यूशेन नावाच्या स्नायूंच्या आनुवंशिक रोगाने तो लहानपणीच चाकांच्या खुर्चीस खिळला. वय वाढेल तसे हातपाय निकामी होत गेले, आणि तो दिवसाचा बहुतेक वेळ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये घालवू लागला. आईबाप प्रेमळ होते. त्यांनी त्याला अडविले नाही, पण मुलगा मित्रांवाचून, एकाकी, पडद्यापुढे आयुष्य कंठतो आहे, या दुःखात ते राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो वारला. तो इंटरनेटवर थोडेबहुत लिहीत असे. त्या जागी वडिलांनी त्याच्या मृत्यूची वार्ता कळविली. कोणी वाचील अशी त्यांना फारशी आशा नव्हती. आणि पत्रे येऊ लागली. निरनिराळ्या देशांतून, अनोळखी नावांची, लांबलचक पत्रे. खेळात इब्लिन हे नाव धारण करणाऱ्या त्यांच्या मुलाने कोणाला निराशेतून बाहेर काढले होते, कोणा आईला आपल्या मुलाशी बोलावयास शिकविले होते. त्याच्या संघातील काही जण परदेशांतून ओस्लोस अंत्यविधीसाठी आले. त्यांतील पुष्कळांना वर्षानुवर्षे त्याचा आजारही ठाऊक नव्हता. तेथे तो धावत असे. बेंजामिन री याने या हकीकतीवर केलेला माहितीपट २०२४ साली सर्वत्र गेला. तो पाहताना मन गुंतते ते बापापाशी. दहा वर्षे मुलाच्या खोलीत ये-जा करणाऱ्या बापाला मुलाचे गाव पत्रांतून पाहावे लागले.

अशा गावांना एक मोठे भय आहे, ते मेंढीकोटाला नाही. हे गाव दुसऱ्याच्या मालकीचे असते. सिटी ऑफ हीरोज नावाचा खेळ त्याच्या मालकांनी ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. खेळाडूंनी आधी अर्ज केले, खेळातल्याच चौकात मशाली घेऊन उभे राहिले. उपयोग झाला नाही. ठरल्या दिवशी दिवे मालवले गेले. पुढे काही चाहत्यांनी तो खेळ आपल्या संगणकांवर गुपचूप जिवंत ठेवल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये मालकांनी त्यांतील एका मंडळीस तो चालविण्याची रीतसर परवानगी दिली. अकरा वर्षांनी पुन्हा राजरोस भेटलेल्या त्या लोकांनी प्रथम काय केले असेल, हे अप-डाऊनच्या मंडळींना सांगावे लागणार नाही. २०२० नंतर पास पुन्हा चालू झाले तेव्हा त्यांनीही जुनी जागा पकडून प्रथम कोण कोण उरले ते मोजले होते.

बावन्न पत्त्यांचा कॅट मात्र कोणी बंद करू शकत नाही. फार तर बदामाची राणी हरवते आणि जोकरावर तिचे नाव लिहून भागविले जाते. बंद होते ती नोकरी. साठीच्या अलीकडे-पलीकडे चौथा भिडू सेवानिवृत्त होतो, पास संपतो, त्याच्या जागी कोणी तरुण कारकून बसू लागतो आणि पहिले सहा महिने चुकीची उतारी करून बोलणी खातो. पण एखाद्या शनिवारी म्हातारा पूर्ण तिकीट काढून सकाळच्या गाडीने नागपुरास जातो आणि सायंकाळच्या गाडीने परत येतो. नागपुरात त्याचे काम काय, असे घरी विचारले तर दवाखान्याचे नाव सांगतो.